काळी चार आणि कंडक्टरचं डोकं

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते आणि आमच्या गावच्या हौशी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. चाळीसेक जण आहोत. जूनमध्ये बागेत कार्यक्रम आहे, आणि यंदाची पाहुणी गायिका आमच्या मराठी मंडळातली मैत्रीण आहे. एक नाट्यगीत, एक भावगीत. कंडक्टरनं पट्टी विचारली, ती म्हणाली काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा. मी पेटीवर बघून ‘जी शार्प’ कळवलं, तर त्यानं डोकंच धरलं. वर पहिल्या तालमीत तिचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. माइक वाढवला की शिट्टी मारतो. काय करावं?

उत्तर : ताई, पट्टी झकास आहे, घोळ नावाचा आहे. काळी चार ही पेटीवर एकच पट्टी, पण कागदावर तिला दोन नावं. जी शार्प म्हणून लिहायला बसलात तर आठ शार्प (अर्धा सूर चढवायच्या खुणा) होतात, तुमच्या क्लॅरिनेटला दहा! तिलाच ए फ्लॅट म्हणा. क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, म्हणजे तुम्ही कागदावरचा सी फुंकलात की पेटीची काळी पाच वाजते. त्या हिशेबानं तुम्हाला दोनच फ्लॅट (अर्धा सूर उतरवायच्या खुणा) येतात आणि आल्टो सॅक्सोफोनला एक. बँडचं सगळं खानदानच फ्लॅटवालं. काळी दोन, काळी चार, काळी पाच, पांढरी चार, इथं आम्ही डोळे मिटून वाजवतो.

पांढरी पाच आली की मात्र धडधडतं. मी पोलीस बँडमध्ये होतो तेव्हा गणपतीत एक पाहुण्या गायिका आल्या. त्यांची पट्टी पांढरी पाच, म्हणजे आल्टोला चार शार्प. मास्तरांनी रात्र जागून कागद लिहिले. आल्टोवाला पोरगा चौथा शार्प विसरला आणि प्रत्येक शुद्ध निषाद कोमल वाजवत सुटला. बिलावलातलं गाणं भर मांडवात खमाजात गेलं. बाई गाता गाता मान वळवून त्याच्याकडं बघायच्या आणि त्याला वाटायचं, दाद देतायत. अर्धा सूर वर चढवून काळी चार धरली असती तर पोरगं वाचलं असतं. बाईंना विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

आता आवाजाचं. माइकला दोष देऊ नका, दोष आपला आहे. बाईमाणसाचा गळा ज्या सप्तकात फिरतो तिथंच क्लॅरिनेट आणि आल्टोही फिरतात, आणि तुमच्या कागदावर बहुतेक गाण्याचीच चाल लिहिलेली असणार. दहा क्लॅरिनेटं तीच चाल वाजवायला लागली तर गळा कुठून दिसणार? ती गात असताना चाल सोडा. ओळ संपली, तिनं श्वास घेतला, की तेवढ्या फटीत एकाच क्लॅरिनेटनं उत्तर द्यायचं, पेटीवाला देतो तसं. खाली युफोनियम आणि ट्यूबा खर्ज धरतील. ट्रंपेट-ट्रॉम्बोनची तोंडं थेट लोकांकडं असतात, म्हणून त्यांच्यातला एकेकच ठेवा, बाकीचे मांडीवर वाद्य घेऊन बसू देत. (त्यांना राग येईल. येऊ दे.) तुमच्याच अमेरिकेत जॉन फिलिप सूसाचा बँड १८९२ पासून गावोगाव फिरला, बरोबर सोप्रानो गायिका असायची. सुरुवातीची कित्येक वर्षं तर माइक हा प्रकारच नव्हता.

नाट्यगीतात खरा गोंधळ वेगळाच होईल. मैत्रीण रंगली की एखादी तान जास्त घेणार, आणि तुमच्या बँडमधले गोरे आजोबा मात्रा मोजत पुढच्या पानावर पोचलेले असणार. त्यासाठी तानेच्या जागी चार मात्रांचा एक तुकडा लिहून त्यावर ‘इशारा मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा’ अशी खूण करून घ्या. तबलजी ठेका धरून बसतो तसंच हे. मग तिनं समेवर येताना कंडक्टरकडं बघायचं आणि त्यानं हात खाली आणायचा. एवढ्या एका गोष्टीसाठी वेगळी तालीम ठेवा, निदान अर्धा तास, आणि तिला मुद्दाम दर वेळी वेगळी तान घ्यायला सांगा.

पेटी मंचावर आणू नका. जूनच्या उन्हात वाद्यं तापली की तुमचा सूर चढणार, पेटी बसल्या जागी हलणार नाही. तिच्या सुरांवर मग तुम्ही सगळे क्लॅरिनेटाचा बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा तुकडा, बाहेर ओढत बसाल. तबला चालेल, काळी चारला लावलेला. आणि कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, लाकडी. प्लॅस्टिकचे वाऱ्याला दाद देत नाहीत असं वाटतं, पण आमच्या बास ड्रमवाल्याचा अख्खा तिसरा अंतरा एकदा तळ्यात गेला होता.