झोपेची पावती नसते

पोरी,

तुझा मेल आला तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजला होता. वॉर्सात नऊ-दहा असतील, म्हणजे तू अजून ऑफिसातच. प्रश्न एका ओळीचा : ‘स्वास्थ्य अनुदानात विश्रांतीच्या खर्चाला कोणती कागदपत्रं मागायची, मावशी?’ आणि खाली सहा पानी फॉर्म, युद्धातल्या युक्रेनच्या सांस्कृतिक कार्यकर्त्यांना विश्रांतीसाठी पैसे देणाऱ्या तुमच्या अनुदानाचा. तो वाचला. पाचव्या पानावर रकाना आहे, ‘विश्रांतीचा परिणाम, मोजता येईल अशा स्वरूपात’. हे तू लिहिलं असशील तर आधी चहा घे, मग पुढे वाच.

झोपेची पावती नसते. बाकी सगळं याच्याखाली.

खारकिवच्या ग्रंथपाल बाईंनी तपशिलात ‘दहा दिवस, सायरन ऐकू येणार नाही अशा गावी’ एवढंच लिहिलं म्हणून तुमच्या समितीला अर्ज अपुरा वाटतोय. अगं, तीस वर्षं अर्ज वाचले मी, इतका नेमका अर्ज क्वचित हाती आला. आणखी काय हवंय तुम्हाला? हॉटेलचं बिल? ती मावसबहिणीकडे जाऊन पडेल. मावसबहिणी बिलं देत नाहीत.

आणि परदेशातल्या कलानिवासाची, म्हणजे कलाकारांनी काही दिवस राहून काम करायच्या जागेची, अट काढा. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनची नागरी विमानसेवा बंद पडली. सीमेपर्यंत जायलाच आख्खी रात्र रेल्वेत जाते. पुरुषांचं तर विचारूच नकोस, लष्करी कायद्यानुसार 18 ते 60 वयाच्या बहुतेकांना देश सोडायची परवानगी नव्हती. 2025 च्या ऑगस्टात ती जेमतेम 22 वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळाली. चाळिशीतल्या प्रकाशयोजनाकाराला तुम्ही बर्लिनजवळच्या तळ्याकाठी बसवू बघताय.

‘सांस्कृतिक कार्यकर्ता’ची व्याख्याही मला खटकली. ‘स्वतंत्र निर्मिती करणारा’. 23 मे 2024 ला खारकिवच्या फाक्टर-द्रुक छापखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. 7 कामगार गेले, 50 हजारांच्या आसपास पुस्तकं जळाली. जे वाचले ते मशिनवर परत उभे राहिले, तर ते तुमच्या व्याख्येत कुठे बसतात? आणि खेरसोनच्या कला संग्रहालयातल्या बायका? 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात रशियन फौजेने माघार घेण्याआधी तिथला संग्रह ट्रकात भरून नेला, 10 हजारांहून जास्त वस्तू. पुढे रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातून, सिम्फेरोपोलच्या संग्रहालयातले फोटो बाहेर आले आणि याच लोकांनी एकेक चित्र ओळखून याद्या केल्या. जन्मभर ज्या चौकटीवरची धूळ पुसली, ती चोराच्या फोटोत कोपऱ्यावरून ओळखायची. असं काम करणारीला तुम्ही विचारणार, थकवा आल्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट आहे का?

मला चीड येते, कारण विचारणारी मीच होते.

30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप. तेव्हा मी एका संस्थेच्या मदतनिधीचे हिशेब बघायचे. तंबूत टेबल, पुढे रांग. पत्रे, भांडी, धान्य, जनावरं असे रकाने. एक गोंधळी आला, साठीचा, कपाळावर मळवट नव्हता म्हणून मी आधी ओळखलंच नाही. म्हणाला, संबळ ढिगाऱ्यात गेलं, आणि मला चार दिवस कुठंतरी झोपायला पाठवा, हात थरथरतोय. मी म्हटलं, संबळाचा पंचनामा आणा. त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. खरंच थरथरत होते. मी पुढच्याला बोलावलं. नवरात्र पंधरा दिवसांवर होतं.

नियम मी केला नव्हता. पैसा दुसऱ्याचा होता, ऑडिटर कडक होता, आणि माझ्या वह्यांत एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. उद्या कुणी विचारलं तर तेव्हाचा तो निर्णय कागदावर बरोबर होता असंच म्हणेन. कागदावर. तो कुठल्या गावचा, हेसुद्धा मी लिहून घेतलं नाही, कारण नाकारलेल्यांसाठी वहीत जागा नव्हती.

तू म्हणशील, कुणी फसवलं तर? फसवतील. दोन-चार जण फसवतील, आणि तुमची सहा पानं त्यांच्याकडूनच सगळ्यात नीटनेटकी भरून येतील. कागद गोळा करायला ज्याला सवड आहे त्याचेच कागद पूर्ण असतात. जी बाई वेढा पडलेल्या मारिउपोलमधून एका पिशवीनिशी निघाली ती नेमणूकपत्र कुठून आणेल?

मार्च 2022 मध्ये, युद्ध पेटून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ल्विवच्या ‘टेरिटरी ऑफ टेरर’ संग्रहालयाच्या संचालक ओल्हा होंचार यांनी संग्रहालय संकट केंद्र उभं केलं. लढाईच्या पट्ट्यातल्या संग्रहालयांमधल्या लोकांना थेट छोट्या रकमा : जेवण, औषधं, गाव सोडायचा खर्च. त्यांना जमलं, कारण माणसं ओळखीची होती. तेच कर. एक पान ठेव, युक्रेनियन भाषेत. त्यांच्या क्षेत्रातल्या एकाचा फोन, ‘हो, या तिथे काम करत होत्या’ म्हणणारा. रक्कम ठोक, एकदम, खात्यात. दाताच्या डॉक्टरला दिली काय, घरभाड्याला दिली काय, व्हायोलिनच्या तारांना दिली काय, विचारायचं नाही. ‘तुमच्यावर काय ओढवलं ते सविस्तर लिहा’ हा रकाना तर आजच्या आज खोड. ज्यांना ते वाचायचं आहे त्यांना ते वर्तमानपत्रात मिळेल.

समितीला सांग, ऑडिटला दोन कागद पुरतात : मंजुरीचा ठराव आणि बँकेची नोंद. पैसे कशाला वापरले त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र हवंच म्हणाले तर ‘विश्रांती घेतली’ एवढं वाक्य आणि सही. झोपेची पावती नसते, हे त्यांना पटत नसेल तर मला फोन लावून दे, माझं इंग्रजी मोडकं असलं तरी हिशेबाच्या भाषेत मी भांडू शकते.

ग्रंथपाल बाईंना होकार आजच कळव, समितीच्या बैठकीची वाट बघू नकोस; सही कुणाची लागते ते तुला माहीत आहे. नवा फॉर्म केलास की पाठव. अक्षर मोठं ठेव, मोतीबिंदूचं अजून एका डोळ्याचं राहिलंय.

तुझी,
मावशी