बेसबॉलमध्ये जास्त होमरन मारणारा संघ जास्त सामने जिंकतो का?

बहुतेक वेळा हो. पण नुसता होमरनचा (सहसा चेंडू मैदानाबाहेर टोलवणाऱ्या फटक्यांचा) आकडा पाहिलात तर अंदाज चुकेल. २०१० मधले अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) पूर्व विभागातले दोन संघ शेजारी ठेवून पाहा.

टोरोंटो ब्लू जेजचे होमरन २५७, त्या मोसमात सर्वांत जास्त. टॅम्पा बे रेजचे १६०. फलंदाजीची सरासरी (किती प्रयत्नांत यशस्वी फटका बसला याचं प्रमाण) जवळपास सारखीच, .२४८ आणि .२४७. तरीही धावा रेजच्या ८०२ आणि जेजच्या ७५५! रेज ९६ सामने जिंकून विभागात पहिले आले, जेज ८५ जिंकून चौथे.

क्रिकेटमध्ये षटकाराच्या सहा धावा ठरलेल्या असतात. होमरनच्या धावा मात्र बेसवर (धावेसाठी गाठायच्या थांब्यांवर) किती जण उभे आहेत त्यावर ठरतात, एकपासून चारपर्यंत. सरासरी किंमत सुमारे १.४ धावा, तर वॉकची (चार चेंडू चुकीचे पडल्याने फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसची) ०.३ च्या आसपास. रेजनी ६७२ वॉक मिळवले, जेजनी ४७१. रेजनी बेसही १७२ चोरले (म्हणजे फटक्याविना पळून पुढचा बेस गाठला), जेजनी फक्त ५८. एवढ्यानेही हिशेब पुरा जुळत नाही, कारण फटक्यांच्या सरासरी किमतीने जेजच पुढे असायला हवे होते. उरलेला फरक फटके कधी बसले याचा आहे, आणि ती गोष्ट पुढच्या वर्षी टिकेल याचा भरवसा नसतो.

शिवाय फलंदाजी हा अर्धाच खेळ. १६२ सामन्यांच्या मोसमात ८१ विजय पाया धरायचे आणि केलेल्या व दिलेल्या धावांतल्या दर १० च्या फरकाला एक विजय मिळवायचा किंवा वजा करायचा. रेजनी ६४९ धावा दिल्या, म्हणजे १५३ जमा, म्हणजे सुमारे ९६ विजय. जेजनी ७२८ दिल्या, जमा फक्त २७, म्हणून अंदाज ८४ च्या आसपास. २००५ मध्ये टेक्सास रेंजर्सनी २६० होमरन मारले आणि जिंकले ७९ सामने. त्यांच्या पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) जवळपास तेवढ्याच धावा परत दिल्या.

‘होमरनवाले संघ प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) ढेपाळतात’ हे मला पटत नाही. २०१९ चे मिनेसोटा ट्विन्स आणि २०२३ चे अटलांटा ब्रेव्हज, दोघेही ३०७ होमरन मारून पहिल्याच मालिकेत बाहेर पडले, हे खरं. पण २००९ चे यांकीज आणि २०२० चे डॉजर्स होमरनमध्ये अव्वल होते आणि वर्ल्ड सिरीजही (विजेतेपदाची अंतिम मालिका) त्यांनीच जिंकली. उत्तम पिचरसमोर एका इनिंगमध्ये सलग तीन हिट (यशस्वी फटके) जुळवणं फार अवघड असतं, तिथे एकच फटका सामना फिरवतो. २०१५ चे कॅन्सस सिटी रॉयल्स १३९ होमरनवर विजेते झाले. त्यांचे स्ट्राइकआऊट (फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद होणं) सर्वांत कमी होते, बुलपेन (राखीव पिचरांचा ताफा) आणि क्षेत्ररक्षण जबरदस्त. असा संघ बांधणं जास्त कठीण, असं माझं मत.

एखादा संघ जोखायचा असेल तर आधी ऑन-बेस टक्केवारी (फलंदाज बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) पाहा, मग होमरन, मग धावांचा फरक. कोलोरॅडो रॉकीजचं घरचं मैदान सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, विरळ हवेत चेंडू लांब जातो. त्यांचे बाहेरच्या मैदानांवरचे होमरन वेगळे मोजा.