ताप आलेल्या मुलीला थंडीत किती पांघरूण घालायचं?

ताई, प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण हाच वाद ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी दर थंडीत होतो. तुमची मुलगी ४ वर्षांची, ताप १०२, सासूबाई म्हणतायत दोन रजया घाल म्हणजे घाम येऊन ताप उतरेल, मिस्टर म्हणतायत कपडे काढून उघडी ठेव, आणि बाहेर ग्वाल्हेरची जानेवारी. मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, फक्त वेळ वेगवेगळी आहे.

ताप चढत असतो ना, तेव्हा मुलाला खरंच थंडी वाजते. गीझरचं बटण कोणीतरी वर फिरवावं तसं मेंदू शरीराचं तापमान वर नेत असतो, म्हणून हातपाय गार पडतात, ओठ थरथरतात आणि पोट मात्र भाजत असतं. अशा वेळी उघडं ठेवलं तर ती अजून कुडकुडेल आणि कुडकुडून अंगात अजून उष्णता तयार होईल. तेव्हा पातळ रजई घाला, पायात मोजे घाला, जवळ घेऊन झोपा. पण अर्ध्यापाऊण तासात कुडकुडणं थांबतं, गाल लाल होतात, पायही गरम लागतात, आणि तिथून पुढे तीच रजई नको असते कारण आता अंगातली उष्णता बाहेर पडायला हवी. सासूबाईंना हेही प्रेमानं सांगा की घाम आल्यामुळे ताप उतरत नाही, ताप उतरायला लागला की घाम येतो, म्हणून दडपून घाम काढण्यात काही फायदा नाही.

किती घालायचं हे हातपाय बघून ठरवू नका. मानेच्या मागे, केसांच्या खाली दोन बोटं घालून बघा. तिथे ओलसर आणि चटका लागेल असं गरम असेल तर एक थर कमी करा. मी आतून सुती बनियन, वर सैलसर सुती पायजमा-शर्ट एवढंच घालते, लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी झोपताना काढून ठेवते, आणि जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणं घेते म्हणजे रात्री एक सरकवता येतं. आणि हो, एक कोरडं बनियन तुमच्या स्वतःच्या रजईत पायाशी ठेवून झोपा. पहाटे घामानं चिंब झाल्यावर कपडे बदलायचे असतात तेव्हा गार कपडा अंगाला लागला की लेकरू दचकून रडतं आणि मग तासभर झोपत नाही, ऊबदार बनियन असलं तर अर्धवट झोपेतच हात वर करून घालून घेतं.

बर्फाच्या किंवा नळाच्या गार पाण्याच्या पट्ट्या या थंडीत नकोच, पुसायचंच असेल तर कोमट पाणी, आणि तेही तिला बरं वाटत असेल तर.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. खोलीत कोळशाची सिगडी ठेवून दार बंद करून झोपू नका. इथल्या जुन्या दगडी घरांत गारठा फार असतो, मोह होतो हे मला कळतं, पण त्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो. इलेक्ट्रिक हीटर झोपायच्या आधी लावून खोली ऊबदार करून घ्या आणि मग बंद करा.

औषध पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. डोस वजनावर असतो, किलोला १० ते १५ मिलीग्रॅम, म्हणजे १४ किलोची असेल तर १४० ते २१०. दोन डोसमध्ये कमीत कमी ४ तास, दिवसरात्र मिळून ४ पेक्षा जास्त वेळा नाही. बाटली नीट वाचा कारण ५ मिलीत १२० वालं सिरप वेगळं आणि २५० वालं वेगळं, चमच्याच्या अंदाजानं दिलं तर दुप्पट जाऊ शकतं. आणि ती शांत झोपली असेल, श्वास नीट असेल, तर केवळ आकडा बघून उठवून औषध पाजायची गरज नसते. जागी झाली की घोट घोट पाणी, मुगाचं कढण, पेज, जे घेईल ते, जेवणाचा हट्ट नको.

पण श्वास भरभर चालतोय (या वयात शांत झोपेत मिनिटाला ४० च्या वर), बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ७-८ तास शू नाही, पाणीही टिकत नाही, मान ताठ, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग, किंवा हाक मारूनही नीट जागी होत नाही, तर सकाळची वाट बघू नका. आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर लगेच १०८ ला फोन, आणि थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. घरात कोणाचं ३ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला १००.४ ताप आला तरी थेट हॉस्पिटल, कुठलाही घरगुती उपाय नाही. आपल्याकडे कमलाराजा हॉस्पिटल बायका आणि लहान मुलांचं आहे, रस्ता आणि रिक्षावाल्याचा नंबर आजच बघून ठेवा. आणि ताप ३ दिवसांच्या वर गेला तर ती खेळत असली तरी डॉक्टरांना दाखवा.