पहिल्या महायुद्धात परदेशी मरण आलेल्या पूर्वजाचा माग नागपुरात बसून कसा काढावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामठीचं जुनं घर आवरताना आलमारीत काशाची एक जड, गोल तबकडी निघाली. तिच्यावर इंग्रजीत पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव आहे. 'बसऱ्याकडे गेले नि परत आलेच नाहीत' एवढंच घरात सांगतात. आता त्यांचा माग लागेल का, आणि त्यांच्यासाठी काय करावं?

माग लागायची शक्यता बरी आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, पण आजोळच्या एका माणसासाठी हीच खटपट केली आहे, त्या भरवशावर सांगतो.

तबकडी साधारण 12 सेंटिमीटरची असेल, तिच्यावर त्रिशूळ धरलेली उभी बाई, पुढ्यात सिंह आणि चौकटीत नाव असेल, तर ती पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या घरी ब्रिटिश सरकारनं पाठवलेली स्मृतितबकडी. तिच्यावर हुद्दा नसतो. मरणात सगळे सारखे, म्हणून सुभेदार असो की शिपाई, नुसतं नाव. पण त्यामुळे शोधाला तिचा उपयोग अर्धाच. त्याच आलमारीत पुन्हा हात घाला आणि मेडल मिळतं का बघा. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. लढाऊ शिपायाचं चांदीचं असतं, हमाल-मजुरांच्या तुकड्यांतल्या माणसाचं काशाचं. चेहऱ्याकडे बघत बसू नका, मेडल आडवं धरून त्याची कड भिंगाखाली घ्या. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. ही अक्षरं फार उथळ असतात. दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच नाहीतर पितांबरी लावून घासलेल्या मेडलांवर ती पार पुसून गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा कृपा करून घासू नका.

पलटण कळली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. 1917 साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवते, शोध फुकट आहे. नावापेक्षा नंबरावर भर द्या, कारण गोऱ्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. जाधव हे नाव तीन-चार तऱ्हांनी टाकून बघावं लागतं, मराठा पलटणीच्या स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा एच असतो, आणि आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात मोडत होता. नोंदीत कधी वडिलांचं नाव नि गावही मिळून जातं.

मृत्यूची तारीख नीट बघा. पलटण 103, 110 किंवा 117 मराठा असेल आणि तारीख 29 एप्रिल 1916 नंतरची असेल, तर ते आजच्या इराकमधल्या कुत गावाच्या वेढ्यात सापडले असण्याची शक्यता मोठी. तुर्कांनी डिसेंबर 1915 पासून वेढलेलं हे ब्रिटिशांचं सैन्य उपासमारीनं त्या दिवशी शरण आलं आणि सुमारे 13 हजार कैदी तुर्कांच्या हाती लागले. उन्हातान्हातून चालवत नेताना, नंतर रेल्वेच्या कामावर राबताना त्यातले कितीतरी गेले.

आता कडू भाग. नोंदीपुढे बहुधा 'बसरा स्मारक' असं लिहिलेलं दिसेल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबरीचा पत्ता नसलेल्या 40 हजारांहून अधिक लोकांचं हे स्मारक. त्याच्या भिंतीवर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा टाकला. नावं वेगळ्या वहीत राहिली. बरं, जमत नव्हतं असंही नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिक आणि मजुरांची नावं आहेत! या भेदभावाबद्दल कमिशननं 2021 साली जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

आकड्यांची ही हौस आपल्याकडेही दिसते. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. नावं नाहीत. तुमचं मूळ गाव वेगळं असेल तर एकदा तिथे जाऊन बघा, आणि म्हाताऱ्या माणसांना त्या आकड्यातली माणसं कोण ते विचारा.

इंडिया गेटवर नाव शोधायला मात्र दिल्लीला धावू नका. तिथली 13 हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं काम आजच्या माजी सैनिकांचं नि वीरपत्नींचं, तिथे 1916 चा कागद मागून काही हाती लागेल असं वाटत नाही. मराठा पलटण निघाली तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला पत्र टाका. नंबर आणि तारीख लिहा, तबकडीचा फोटो जोडा. डेटाबेसमध्ये नावच नसेल, तर पुराव्यासह कमिशनकडे नाव सुचवता येतं. तिथे मेडलची कड कामी येते.

राहिलं त्यांच्यासाठी काय करायचं ते. तुमच्याकडे श्राद्धपक्ष पाळत असतील तर भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रानं मरण आलेल्यांची तिथी, पंचांगात तसं छापलेलं असतं. 'तारीख माहीत नाही' म्हणून त्यांना सर्वपित्रीत ढकलायची गरज नाही. रामटेकला अंबाळा तलावावर गेलात तर गुरुजींना तसं स्पष्ट सांगा आणि संकल्पात त्यांचं नाव घ्यायला लावा. बौद्ध असाल किंवा हे काही मानत नसाल, तर नोंदीत मिळालेली तारीख धरा. कमिशनच्या पानावरून त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं, ते छापून पणजोबांच्या फोटोशेजारी लावा.