साठलेल्या गेम्सपैकी आधी ही काढ

सेलमध्ये घेऊन ठेवलेल्या गेम्सची यादी बघून दडपण घेऊ नकोस. सगळ्या संपवायलाच हव्यात असं नाही. गेल्या वर्षभरात जुन्या साठ्यातल्या ज्या गेम्स खेळलो, त्यांत मला सगळ्यात आवडली ती 2019ची ‘आउटर वाइल्ड्स’. दर 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तू पुन्हा सुरुवातीला येतोस. सोबत राहतं ते तुला कळलेलं, बस्स. म्हणून एकही व्हिडिओ बघू नकोस, कुणाला विचारू नकोस. ही गेम खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येते रे, ती संधी घालवू नकोस!

मग ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते शोधायचं. वही-पेन घेऊनच बस.

‘सेलेस्ट’, म्हणजे उड्या मारत डोंगर चढायची गेम, अवघड आहे. अडलास तर गेम सोपी करणारा असिस्ट मोड लाव, बनवणाऱ्यांनीच दिलाय तो.

आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नकोस, तापून गेम अडखळते. जड गेम्स गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, थंडीत काढ. उन्हाळ्यात ‘सेलेस्ट’सारखी हलकी बरी.