ऑफिसात दिवसभर बसूनही काम पुढे सरकत नाही, काय करावं?

आधी फोन ड्रॉवरमध्ये टाका. टेबलावर पालथा ठेवून भागत नाही. मग एकच काम घ्या आणि २५ मिनिटांचा गजर लावा. फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर ही पद्धत बसवली. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणतात, तेच तिचं नाव. गजर झाला की ५ मिनिटं उठायचं, पाणी प्यायचं. चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती.

मधेच ‘अरे, बिल भरायचंय’ असं आठवलं, तर शेजारच्या कागदावर दोन शब्द खरडा आणि परत कामाला लागा. मला खरा फायदा या कागदाचाच झाला. निघताना उद्याचं पहिलं काम त्यावरच लिहिते आणि सकाळी मेल उघडण्याआधी तेच हातात घेते.