पहिला चौकोन नऊ तुकड्यांचा

गोधडीसाठी पहिलाच चौकोन शिवताय ना, मग नऊ तुकड्यांचा घ्या. कापड सुती असू द्या आणि कापण्याआधी धुऊन घ्या. लाल नि गडद निळ्याचा रंग पुष्कळदा उतरतो. तुकडे साडेतीन इंची कापा. पाव इंच शिलाई धरली की चौकोन साडेनऊ इंच भरतो. कमी भरला तर सरळ उसवा, नाहीतर पुढचे चौकोन जुळणार नाहीत.

आधी तीन-तीनच्या पट्ट्या जोडा. खरं काम इस्त्रीचं: मधल्या पट्टीच्या शिलाईची कड आत दुमडा, वरच्या-खालच्या पट्ट्यांची बाहेर. पट्ट्या सुलट बाजू आत ठेवून बोटाने चाचपा, जोड एकमेकांत अडकल्यासारखे बसतात. तिथेच टाचणी लावा. आणि इस्त्री दाबून उचला, फिरवू नका. कापड ताणलं जातं.